सहावा नट

सोमवार, ४ मार्च

ही वही मापांची आहे. पुढून गिऱ्हाइकांची छाती, कंबर, बाही. मागून आजपासून माझं डोकं. आईला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि बायकोला माझ्या वहीत डोकवायला आता वेळ कुठे आहे? तेव्हा इथे मोकळेपणाने लिहायला हरकत नाही.

तर आज बायकोच्या गाडीला नवे टायर बसले. गाडी म्हणजे पिकअप. माझा मेहुणा परगावी नोकरीला लागला आणि जाताना ती बहिणीला देऊन गेला. हिचे वडील जन्मभर ट्रक चालवायचे. हिला वेणी घालता यायच्या आधी स्टेअरिंग धरता येत होतं. लग्नानंतर चौदा वर्षं ही माझ्या मशीनशेजारी बसून काजं करत होती. मला वाटलं होतं, गाडीबिडी विसरली असेल. कसली विसरतेय! गेले पाच महिने ती हॅचरीची पिल्लं पोचवते. अंड्यातून निघालेली एक दिवसाची पिल्लं, एका खोक्यात शंभर, असे तीस खोके, डोंगरावरच्या पोल्ट्र्यांना. पहाटे पाचला निघते, दुपारी येते. वरच्या रस्त्याला नुसते दगड, जुने टायर टिकत नव्हते, म्हणून आता हे मोठे, जाड, खोल खाचांचे. त्यांना चकचकीत नवी रिमंही आली.

संध्याकाळी दोरा आणायला गेलो तेव्हा टायरच्या दुकानासमोर गाडी उभी होती. ही आणि तो टायरवाला एका चाकाशी उकिडवे बसले होते, डोक्याला डोकं लागेल इतके जवळ. तो काहीतरी बोलला आणि ही हसली. मनापासून, मान मागे टाकून. असं हसणं घरात शेवटचं कधी ऐकलं, ते घर येईपर्यंत आठवत राहिलो. आठवलं नाही. दोरा आणायचाही राहिला.

घरी आल्यावर म्हणाली, "अहो, खाली या ना जरा, टायर दाखवते."

"बाही लावतोय," मी म्हटलं. बाही उद्या लावली असती तरी चाललं असतं.

बुधवार, ६ मार्च

जेवताना स्टेपनीचा विषय निघाला.

"चार चाकं मोठी झाली, पाचवं जुन्याच मापाचं राहिलं," ही म्हणाली. "त्याचं काय करायचं ते ठरवायला हवं."

"पाचवं चालतं कुठे?" आईने विचारलं. "ते तर नुसतं बसून असतं."

मग हिने ताटावरच्या वाट्या इकडेतिकडे सरकवत सगळं सांगितलं. एक तर चौघांसारखंच पाचवं मोठं चाक घ्यायचं. पण गाडीच्या पोटाखाली स्टेपनीची जी जागा असते तिथे ते मावत नाही. मागे हौद्यात ठेवावं तर चार खोक्यांची जागा जाते. म्हणून टायरवाला केबिनच्या पाठीला लोखंडी चौकट वेल्ड करून द्यायला तयार आहे. नाही तर जुनंच लहान चाक खाली राहू द्यायचं. ते लावायचं तर फक्त पुढे. मागे लावलं तर एका बाजूचं चाक जास्त फिरतं, दुसऱ्या बाजूचं कमी, आणि आतले गिअर खराब होतात. शिवाय त्यावर लांब जायचं नाही, जेमतेम घर गाठायचं.

"टायरवाले दादा म्हणतात, डोंगरात जायचं तर पाचही सारखीच हवीत."

दादा! दादा म्हणायला काय जातं? दादा म्हटलं की कोणाच्याही दुकानात तास तास बसायची सोय होते.

"चौकटीला किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"चार-पाच. रोज संध्याकाळी थोडं थोडं करू म्हणाले."

रोज संध्याकाळी! घास घशातच अडकला. आई म्हणाली, पाणी पी.

शुक्रवार, ८ मार्च

आज स्वतः जाऊन बघून आलो. जायला कारण हवं म्हणून सायकलची हवा मीच काढली आणि ढकलत घेऊन गेलो.

माणूस माझ्यापेक्षा उंच. हात कोपरापर्यंत काळे. शर्ट मात्र भयंकर, खांदा चार बोटं उतरलेला, कॉलर एका बाजूला पळालेली. तयार घेतलेला, दुसरं काय. ते बघून मला जरा बरं वाटलं. पण "या मास्तर, बसा," म्हणत त्याने स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. उर्मट माणूस मला परवडतो, त्याच्याशी भांडता तरी येतं. हा असा आदबशीर निघाल्यावर करायचं काय?

भिंतीवर एक पाटी आहे, तिच्यावर कामाला आलेल्या गाड्यांचे नंबर खडूने लिहितो. सगळ्यांचे नंबर, आणि एका ओळीत नुसतं 'वहिनींची गाडी'. नंबर लिहायला काय झालं होतं?

त्याने एक लहान आणि एक मोठं चाक शेजारी शेजारी उभं करून मला समजवायला घेतलं. मी ऐकत नव्हतो. ही आली की कुठे बसते ते मी शोधत होतो. दुसरं स्टूल दिसलं नाही. म्हणजे हेच!

"वहिनींचा हात फार चांगला आहे हो," तो म्हणाला. आणि मग, "स्टेअरिंगवर."

'स्टेअरिंगवर' हा शब्द जरा उशिराच आला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. अर्धा चहा तसाच ठेवून उठलो. हवा भरायची विसरलो, सायकल ढकलतच घरी आणली.

मंगळवार, १२ मार्च

स्टेपनीचा निकाल लावला.

"घरात धड चाक असताना दुसरं कशाला?" मी म्हटलं. "खाली आहे ते राहू दे. कोणी दुकानदार म्हणाला म्हणून लगेच चौकटी ठोकत बसायचं? माझ्या मशीनचा पट्टा मी किती वर्षं तोच चालवतोय." आवाज थोडा चढला माझा.

हिने गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली. मग म्हणाली, "या महिन्याच्या शेवटी हॅचरी वर्षाचं काम पक्कं करणार आहे. तोवर काही बिघडायला नको, एवढंच मनात आहे."

"काही बिघडत नाही."

"तुम्हाला खरंच असं वाटतं?"

"हो तर."

"बरं. तुम्ही म्हणता तर जुनंच ठेवू."

जिंकलो! दुपारभर मशीनवर गुणगुणत होतो. आई चष्म्याच्या काचा पुसत म्हणाली, "गाडीतलं तिला कळतं, तुला कळत नाही, आणि तरी ऐकलं तिने. तुला यात काही दिसत नाही का रे?"

"दिसतंय की. माझं म्हणणं पटलं."

आईने कपाळाला हात लावला. डोकं दुखत असेल. नंबर बदलला असणार, डॉक्टरला दाखवायला हवं.

गुरुवार, १४ मार्च

ही त्या दुकानातून एक निळी कापडी पिशवी घेऊन आली. आत सहा जुने नट. नव्या रिमांचे नट म्हणे खालून सपाट असतात आणि जुन्या लोखंडी रिमला निमुळते लागतात. त्यामुळे स्टेपनी लावायची वेळ आली तर हेच सहा वापरायचे, गाडीतून हलवायचे नाहीत, वगैरे वगैरे. ही मला सविस्तर सांगत होती. मी पिशवी बघत होतो. टाका कच्चा, शिवण वाकडी, कडेला दोरे लोंबतायत. पण हाताने शिवलेली. त्याने स्वतः बसून शिवलेली! ज्या बाईच्या घरात तीन मशीन आहेत तिला हा माणूस पिशव्या शिवून देतो!

"लवकर फाटेल ही," ही म्हणाली. "तुम्ही एक जाड कापडाची शिवून द्याल का? आणि स्टेपनीला एखादं कव्हरही. खाली चिखल फार उडतो."

"मी माणसांचे कपडे शिवतो. टायरचे नाही."

तिचा चेहरा पडला. मग खाली जाऊन तिने ती निळी पिशवी डॅशबोर्डाच्या कप्प्यात ठेवली आणि कप्पा नीट बंद झालाय ना ते दोनदा दाबून बघितलं. मी खिडकीतून बघत होतो. मी दिलेलं घड्याळ ती ओट्यावर कुठेही काढून ठेवते.

सोमवार, १८ मार्च

आज हॅचरीला सुट्टी. ही आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. गाडी दारात उभी होती आणि किल्ली खिळ्याला.

मी काही चोर नाही. घरातली वस्तू घरात आणली, इतकंच. नट हातात घेतले तर चांगले वजनदार निघाले. कापड कापताना दाबायला मला कधीपासून असलं काहीतरी हवंच होतं. कात्री ठेवतो ती घसरते. चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये दोन ठेवले तर कापड तसूभर हलत नाही. फार झकास काम होतं.

पण पिशवी रिकामी दिसली तर ही नवे नट आणायला लगेच तिकडे धावणार. म्हणून तिच्यात मोडक्या मशीनच्या गंजक्या बॉबिन भरल्या आणि होती तिथे ठेवून दिली. वजन साधारण तेवढंच वाटतं. आता त्या पिशवीत निदान माझं काहीतरी आहे.

आणि स्टेपनी लागणार आहे कधी? चारही टायर कोरे करकरीत आहेत.

शुक्रवार, २२ मार्च

हद्द झाली. टायरवाला शर्ट शिवायला आला! बगलेत कापड, हात घासून घासून धुतलेले.

"वहिनी म्हणाल्या, मास्तरांसारखा खांदा कोणी बसवत नाही," तो म्हणाला. "माझा हा शर्ट बघून म्हणाल्या, असा खांदा घेऊन फिरू नका, आमच्याकडे जा."

म्हणजे हिने त्याचे खांदे बघितले. निरखून.

माप घेतलं. छाती बेचाळीस, खांदा एकोणीस. माझा सतरा आहे. गळ्याला टेप जरा घट्टच ओढली गेली. "श्वास घेऊ का, मास्तर?" त्याने विचारलं. बाही अर्धा इंच आखूड करावी असं मनात येऊन गेलं. पण आजवर जाणूनबुजून कोणाचं माप चुकवलेलं नाही, याच्यासाठी कशाला हात बाटवू? वहीत बरोबर लिहिलं. पुढच्या बाजूला.

बुधवार, २७ मार्च

अक्षर नीट येत नाही, पण आज लिहायलाच हवं.

सकाळचे साडेआठ वाजले होते. टेबलावर टायरवाल्याचंच कापड पसरलं होतं, कोपऱ्यांना नट, निळ्या खडूने पाठ आखून झाली होती. फोन वाजला.

"अहो, पुढच्या डाव्या टायरची कड दगडाने फाटली," ही म्हणाली. "स्टेपनी काढलीय. पण पिशवीत बॉबिन आहेत."

मी हातातला खडू खाली ठेवला.

"बॉबिन. गंजक्या. दहा-बारा."

"आईने ठेवल्या असतील," मी म्हटलं. आई समोरच काज करत बसली होती. तिने मान वर केली.

"मग नट कुठे आहेत?"

नट माझ्या डोळ्यांसमोर होते. 'इथे आहेत', दोनच शब्द, पण ते तोंडातून निघेनात. निघालं ते भलतंच. "चाकाचे काढलेले नवे नट आहेत ना? तेच लाव."

"ते याला बसत नाहीत. सांगितलं होतं ना तुम्हाला."

"बसतील. आवळून तर बघ. शेवटी नट तो नट."

थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला आणि खोक्यांतला चिवचिवाट. गाडी चालती असली की पिल्लांना हवा लागते, उभी राहिली की ती आतल्या आत तापतात, एवढं पाच महिन्यांत मलाही ऐकून ऐकून कळलं होतं. "इथे दहापर्यंत सावली आहे," ती म्हणाली. "बरं. तुम्ही म्हणता तर लावून बघते." आणि फोन तुटला. मी परत लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना.

तुम्ही म्हणता तर. हे शब्द मी या महिन्यात दुसऱ्यांदा ऐकले, आणि आत्ता कुठे नीट ऐकू आले.

"मी ठेवल्या का रे बॉबिन?" आई म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं नाही. दिसले ते नट खिशात कोंबले आणि टायरच्या दुकानाकडे पळत सुटलो.

त्याला सगळं सांगितलं नाही. नट घरी राहिले आणि मी नवे लावायला सांगितलं, एवढंच.

"मास्तर!" तो म्हणाला. "ते नट जुन्या रिमवर आवळल्यासारखे वाटतात. बसलेले नसतात. गाडी चालायला लागली की सैल होतात. आणि पुढचं चाक..." त्याने दुकान तसंच उघडं टाकलं आणि स्कूटर काढली.

महिनाभर ज्या पाठीवर जळत होतो तीच पाठ दोन्ही हातांनी धरून बसलो. डोंगराचा रस्ता लागला. प्रत्येक वळणावर मी आधी कडेचा कठडा बघायचो, कुठे तुटलाय का.

"वहिनी हलायच्या नाहीत," तो वाऱ्यात ओरडून म्हणाला. "चारदा सांगितलंय मी त्यांना."

"माझं ऐकून हलेल," मी म्हटलं.

"हां, तेही खरं. प्रत्येक गोष्टीला त्यांचं एकच, मास्तरांना विचारते. मी पाचवं मोठं चाक बाजूला काढून ठेवलं होतं त्यांच्यासाठी. तर म्हणाल्या, मास्तर नको म्हणतात. मी म्हटलं, मास्तरांना गाडीतलं काय कळतं? राग मानू नका हं. तर म्हणाल्या, त्यांनी विचार करूनच सांगितलं असेल."

मी पुन्हा कठडा बघायला लागलो.

पावणेदहाला गाडी दिसली. रस्त्याच्या कडेला, किंचित तिरकी, पण चारही चाकांवर उभी. खोके झाडांच्या सावलीत एकेक सुटे मांडलेले, आणि ही एका झाकणाने त्यांना वारा घालत होती. मी स्कूटरवरून उतरलो आणि तिथेच मातीत बसलो.

"लावले होते," ती म्हणाली. टायरवाल्याशी नाही, माझ्याशी बोलली. "तुम्ही म्हणालात म्हणून. माल चढवायच्या आधी रिकामी गाडी चालवून बघितली. शंभर पावलं गेले असेन, चाक खडखडायला लागलं. थांबले."

टायरवाल्याने चाक हलवलं तर ते डुगडुगलं. चार नट त्याने नुसत्या बोटांनी फिरवून काढले. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी खिशातले नट तिच्या हातावर ठेवले. सगळ्यांना माझ्या निळ्या खडूची भुकटी लागली होती. तिने मोजले. पाच.

"सहावा?"

"टेबलावर राहिला," माझ्या तोंडून निघून गेलं.

"कुठल्या टेबलावर?"

"माझ्या."

तिने एका नटावरचा खडू अंगठ्याने पुसला, पुसलेला अंगठा बघितला, आणि नट टायरवाल्याकडे दिले. "पाच नटांवर जाईल का हो, दादा?"

"हळू न्या. जाईल. मी पुढे राहतो."

खोके मी चढवले, तीसच्या तीस. पाच महिन्यांत पहिल्यांदा हात लावला. खालून ऊब लागते हाताला, आणि आत सारखी वळवळ. मग तिने पलीकडचं दार उघडलं आणि म्हणाली, "बसा."

पोल्ट्रीवर मोजदाद झाली तेव्हा एकोणीस पिल्लं मेलेली निघाली. हॅचरीच्या साहेबाचा तिला फोन आला. ती म्हणाली, "चूक माझी आहे, साहेब. निघताना पिशवी उघडून बघितली नाही." मी तिच्या शेजारीच बसलो होतो आणि मूग गिळून गप्प होतो. साहेब म्हणाला, पाचवं चाक बाकीच्या चौघांसारखं झाल्याशिवाय यापुढे माल मिळणार नाही. आणि वर्षाच्या कामाचं आत्ता विचारू नका.

गुरुवार, २८ मार्च

काल घरी आल्यावर ती हातपाय न धुता सरळ माझ्या टेबलाशी आली. सहावा नट कापडाच्या घडीआड तसाच बसला होता. तिने उचलला. खालचं कापड सुरकुतलं होतं, ते सवयीने सारखं केलं.

"वजनाला बरे आहेत ना?" तिने विचारलं.

"हो." मग आतलं सगळं एकदम बाहेर आलं. "मला तो माणूस सहन होत नाही. तू तिथे हसतेस. घरी हसत नाहीस. महिनाभर माझा नुसता जळफळाट चाललाय."

मला वाटलं, आता ओरडेल. ती तिच्या जुन्या स्टुलावर बसली, जिथे बसून चौदा वर्षं काजं केली त्याच.

"तो विचारतो," ती म्हणाली. "गेले की पहिलं विचारतो, वहिनी, आज गाडी कशी चालली? मग मी सांगते. कुठल्या वळणावर दगड आलाय, कुठे गिअर खाली घ्यावा लागला, पिल्लं कशी ओरडत होती. पाच महिन्यांत तुम्ही एकदा तरी विचारलंत?"

आज ही वही पहिल्या पानापासून वाचून काढली. माझ्याच हातचं, खोटं कसं म्हणू? टायर बघायला बोलावलं तेव्हा मी बाही लावत होतो. स्टेपनीचं सांगत होती तेव्हा दादा या शब्दावर अडलो होतो. नटांचं सांगत होती तेव्हा दुसऱ्याचा टाका बघत होतो. विचारलेलं कुठेच नाही.

"चिडले नाही असं समजू नका," ती म्हणाली. "एकोणीस पिल्लं माझ्या हाताने बाजूला काढली मी." मग विचारलं, "बॉबिन कशाला भरल्यात पण?"

"वाटलं, त्या पिशवीत माझं काहीतरी असावं."

तिने हातातला नट उलटसुलट करून बघितला.

"मग पिशवी शिवून द्यायची होती," ती म्हणाली. "मी मागितली होती."

शनिवार, ३० मार्च

फाटलेला पुढचा टायर बदलला आणि पाचवं चाक घेतलं. मी स्वतः गेलो होतो, हिच्याबरोबर. टायरवाल्याने तेच मोठं चाक पुढे आणलं, त्याच मापाचं, त्याच रिमचं, म्हणजे नटही तेच बसतात. यावेळी सगळं कान देऊन ऐकलं. पाचवंही नुसतं टांगून ठेवायचं नाही, पाचही आलटून पालटून फिरवायची, म्हणजे सारखी झिजतात. दोन संध्याकाळी बसून त्याने चौकट वेल्ड केली. मी पलीकडून लोखंड धरून उभा होतो. हात भाजला थोडा.

चाक वर चढवायच्या आधी मी खिशातून टेप काढली आणि माप घेतलं. घेर, रुंदी, मधलं भोक. दोघंही बघत राहिले. वहीत पुढच्या बाजूला, गिऱ्हाइकांच्या रांगेत लिहिलं, 'बायकोची गाडी, कव्हर एक'. आणि त्याखाली, 'पिशवी एक, दुहेरी शिवण'.

शर्टही नेला होता. टायरवाल्याने तिथेच अंगात घातला. खांदा काय बसलाय! माझं मलाच कौतुक वाटलं. ही म्हणाली, "बघा, म्हटलं नव्हतं?" आणि हसली, तशीच, मान मागे टाकून. मला जळजळलं. ती बघत होती माझ्या शिवणीकडे, हे कळत होतं, तरीही जळजळलंच. असो.

साहेबाने चाकाचा फोटो मागवला. सोमवारपासून माल देतो म्हणाला. वर्षाच्या कामाचं एक महिना बघून ठरवणार.

मंगळवार, २ एप्रिल

दुपारी ही आली. मी कात्री खाली ठेवली, मशीनवरून उठलो आणि विचारलं, "कशी चालली गाडी?"

आधी तिने माझ्याकडे संशयाने बघितलं. मग बोलायला लागली. चहा निवला, आईची एक झोप झाली, तरी बोलणं चालूच. आता मला त्या रस्त्याची वळणं पाठ आहेत. सातव्या वळणावर दगड सुटलेत. कव्हर वाऱ्याने फडफडत नाही. आणि सगळ्यात वरचा पोल्ट्रीवाला म्हणे रोज तिच्यासाठी चहा करून ठेवतो.

हा पोल्ट्रीवाला कोण? उंचीला किती आहे? एवढं मात्र विचारलं नाही. म्हटलं, "उद्या मी येऊ का बरोबर? तुला खोके उतरवायला."

"चारला उठावं लागेल."

"उठेन."

बुधवार, ३ एप्रिल

चारला उठलो. पोल्ट्रीवाला सत्तरीचा आहे आणि चहात साखर फार घालतो.

येताना ही रस्त्यावर नजर ठेवून गाडी चालवत होती आणि मी डॅशबोर्डाचा कप्पा उघडला. मी शिवलेली पिशवी आत होती. खरं म्हणजे आता तिचं काही काम नाही. पाचवं चाक चौघांसारखंच, त्याला वेगळे नट लागत नाहीत, जुने सहाही तिने परवाच माझ्या टेबलावर आणून ठेवले, कापडाला वजन म्हणून. पण पिशवी हाताला जड लागली. उघडून बघितलं तर आत माझ्या गंजक्या बॉबिन.

"या कशाला ठेवल्यास?" मी विचारलं.

"असू द्यात," ती म्हणाली. "कप्पा नीट लावा, दोनदा दाबून बघा. झाकण सैल आहे त्याचं."

मी दोनदा दाबून बघितलं.